लग्नाचा बस्ता: गिऱ्हाईक कुठे दुखावतं आणि बदलीचा नियम काय लावावा?

गादीवाला (प्रश्न)

तालुक्याच्या गावातलं साड्यांचं दुकान. खाली ९०० चौरस फूट, दोन गाद्या, दाराशी एक काउंटर, वर माळ्यावर माल. दाखवायला सात जण (त्यात तीन मुली), गल्ल्यावर एक. तुळशीचं लग्न लागलं की बस्ते सुरू होतात आणि पौषातली थोडी उसंत सोडली तर ज्येष्ठापर्यंत चालतात. वर्षाचा मोठा धंदा याच दिवसांतला, आणि तक्रारीही याच दिवसांतल्या.

ठरावीक तक्रारी अशा:

मानपानाच्या साड्या लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी बदलायला येतात. कुणाला रंग पसंत नाही, कुणाला तोच रंग दुसरीकडूनही आला. तोवर बिल दीड महिना जुनं झालेलं असतं.

"दुकानात रंग वेगळा दिसत होता."

बस्ता चालू असताना एकच साडी घ्यायला आलेली बाई उभी राहून कंटाळते आणि शेजारच्या दुकानात जाते.

फॉल-पिकोची तारीख चुकते, किंवा फॉल भलत्याच काठाला लागतो.

सेमी पैठणी (यंत्रमागावर विणलेली) घरी गेली की कुणीतरी "ही खरी नाहीच" म्हणतं, आणि अख्खं घर परत येतं.

बिलाच्या तळाशी "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे मागच्या पिढीपासून छापलेलं आहे. शहरातल्या शोरूम बदली देतात, तेवढं सैल सोडलं तर लग्नसराईनंतर निम्मा माल वापरून परत येईल अशी भीती. "ग्राहक देवो भव" वगैरे नको, उद्या सकाळी दुकान उघडल्यावर करता येईल असं सांगा.

---

घडीमोड

रंगापासून सुरुवात करा, तो सगळ्यात स्वस्तात सुटतो. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा उजेड. त्यात साडीची जर खुलते म्हणून दुकानदाराला तो आवडतो, पण त्याच उजेडात वांगी आणि मरून, गडद निळा आणि काळा, मोरपंखी आणि बाटलीहिरवा एकसारखे दिसतात. ६५०० चा पांढरा लावला तर उलट होतं, लाल-केशरी रंग मेलेले दिसतात. गादीवर ४००० ते ५००० च्या मधला लावा आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलंय का पाहा. स्वस्तातल्या बल्बांचा बहुतेक ८० च्या आसपास असतो आणि लाल छटा तिथेच मार खातात. शिवाय पसंत पडलेली प्रत्येक भारी साडी बिल करायच्या आधी दाराशी नेऊन उजेडात दाखवायची. गिऱ्हाइकाने मागितलं नाही तरी. संध्याकाळी सहानंतरच्या बस्त्यात हे जमत नाही, तेव्हा स्पष्ट सांगायचं, "काकू, हा रंग उद्या दिवसा एकदा बघून घ्या, तोवर साडी बाजूला ठेवतो."

आता गादी. दाखवणारा एक आणि घडी घालणारा एक, अशी जोडी लावा. दाखवता दाखवता जो घडी घालतो त्याची मान खाली असते, आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्याला दिसत नाही. साडी उघडायचा क्रम पदर, मग काठ, मग अंग, शेवटी ब्लाउजपीस. गादीवर एका वेळी बारा-पंधराच्या वर साड्या उघड्या नकोत. तीन थप्प्या करायच्या: घेतलेल्या, बघू म्हटलेल्या, नकोत. 'नकोत'ची थप्पी तिथल्या तिथे उचलली जाते का, यावर बस्ता दोन तासांत उरकतो की चार तासांत, ते ठरतं. ती तिथेच पडून राहिली तर मागे बसलेली आत्या हमखास त्यातली एक उचलून "ही का नको?" म्हणते आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

बसल्याबरोबर कागदावर टिपून घ्यायचं: लग्नाची तारीख, नवरीच्या किती, मानाच्या किती, करवल्यांच्या किती, देण्याघेण्याच्या किती. "बजेट काय?" हा प्रश्न चारचौघांत टोचतो. त्याऐवजी "देण्याघेण्याच्या कितीपर्यंतच्या दाखवू? पाचशेपासून आहेत" असं विचारलं की आकडा आपोआप येतो. खालचा आकडा तुम्ही आधी बोललात की समोरच्याला तो बोलायची लाज वाटत नाही.

बऱ्याच घरांत पहिली साडी कुलदेवीची काढतात, ती काढू द्या. त्यानंतर शालूकडे न वळता आधी देण्याघेण्याच्या उरकून घ्याव्यात असं माझं मत. त्यांची संख्या ठरलेली, भाव ठरलेला, अर्ध्या तासाचं काम. मग शालूला किती उरले ते घरच्यांना कळतं. शालू आधी घेतला की पुढच्या प्रत्येक साडीवर कुरकुर होते आणि ती तुमच्या भावावर निघते.

दोन्हीकडची मंडळी एकत्र आली असतील तर आणखी एक काळजी. कोणती साडी कुणाच्या खर्चात, ते साडी बाजूला पडतानाच ठरलं पाहिजे. दोन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवा, मुलीकडच्या गुलाबी, मुलाकडच्या पिवळ्या, साडी थप्पीत जातानाच चिठ्ठी खोचायची आणि बिलं दोन. नाहीतर गल्ल्यावर दोन व्याही "ती तुमची, ती आमची" करत उभे राहतात आणि लाज वाटली की राग दोघेही दुकानावर काढतात.

एका साडीवाल्या बाईसाठी दाराशी एक मुलगी कायमची. कितीही मोठा बस्ता आला तरी तिला गादीवर बोलवायचं नाही. तिच्या हाताशी रोजच्या भावातल्या शंभरेक साड्या असल्या की पुरे.

---

ग्राहकहित

बिलाखालची ती ओळ आजच काढून टाका. ती तुमचं संरक्षण करत नाही, उलट तुमच्याविरुद्धचा कागद होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू जुलै २०२० पासून) यात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते कलम २(४७) मध्ये दिलंय. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हे त्यात स्पष्ट आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हेही त्याच यादीत आहे. म्हणजे "परत घेणार नाही" छापून सदोष साडीच्या जबाबदारीतून सुटका नाही.

पण इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. साडी सदोष असणं वेगळं आणि मन बदलणं वेगळं. रंग आवडला नाही, तशीच दुसरीकडून आली, सासूबाईंना काठ बारीक वाटला, यात दोष नाही. अशी साडी बदलून द्यायला कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही. ते तुमचं धोरण. मात्र एकदा छापलंत की ते तुमच्यावर बंधनकारक, मग गल्ल्यावरच्या माणसाच्या मूडप्रमाणे बदलायचं नाही.

बिलावर साधारण असं छापता येईल:

"विणीतील, रंगातील वा जरीतील दोष आढळल्यास ३० दिवसांत बिलासह साडी आणावी, बदली किंवा पूर्ण रक्कम परत. पसंतीसाठी बदली: घडी न मोडलेली, लेबल असलेली, फॉल-पिको न केलेली, ब्लाउजपीस न कापलेला असेल तरच, बिलातील रकमेइतकी. नवरीच्या शालूस पसंतीची बदली नाही."

शेवटचं वाक्य तोंडीही सांगायचं, पैसे घ्यायच्या आधी. बिल घरी जाऊन वाचलं जातं.

गिऱ्हाइकाकडे कोणते रस्ते आहेत हे दुकानदाराला माहीत असलेलं बरं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि नव्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. तुमच्याकडून साडी नेलेली पुण्याची बाई पुण्यात तक्रार करेल, तारखांना तुम्ही जाल. दोन हजारांच्या साडीसाठी ते परवडत नाही.

आणखी तीन बारीक गोष्टी, ज्यांवरून उगाच वाद होतात.

मोबाइल नंबरशिवाय बिल निघत नाही असं सांगणं बंद. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना हेच बजावलंय. नंबर मागा, नाही म्हटलं तर बिल द्या.

पिशवीचे पैसे न सांगता बिलात लावू नका. चंडीगडला २०१९ मध्ये ३ रुपयांच्या कागदी पिशवीवरून एका चपलांच्या दुकानाला एकूण ९००० रुपये पडले. बस्त्याला तर पिशवी तुम्हीच द्यायची, तिच्यावर तुमचंच नाव असतं ना!

बंद पॅकवर छापील एमआरपी असेल तर त्याच्या वर एक रुपया नाही. किंमत कमी केल्याचं लेबल लावता येतं, पण जुनी किंमत झाकायची नाही. वाढवून लावलेलं लेबल हा सरळ गुन्हा. आणि आधी भाव चढवून मग "५० टक्के सूट" लावणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

---

ताणाबाणा

वर दोष आणि मन बदलणं असा भेद केलाय तो बरोबर, पण गादीवर प्रश्न येतो तो "हा दोष कुणाचा?" असा. विणकराचा, तुमच्या ठेवणीचा, की नेसणारीचा. तो ओळखता आला नाही तर एक तर प्रामाणिक बाईला खोटं ठरवाल, नाहीतर वापरलेली साडी परत घ्याल.

रंग उतरणे: मुख्यतः गडद काठ आणि फिक्या अंगाच्या साड्यांत. माल आला की प्रत्येक लॉटमधली एक साडी घ्या, पांढरं सुती फडकं ओलं करून काठावर दहा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर तो लॉट धुण्याचा नाही, त्यावर "फक्त ड्रायक्लीन" चिठ्ठी लावा आणि बिलावरही लिहा. चिठ्ठी नसताना साडी घरी धुतली आणि काठ अंगावर उतरला तर चूक तुमची.

घडीवर विरणे: रेशमी साडी वर्षभर एकाच घडीत थप्पीत राहिली की त्या रेषेवर धागा मरतो. नेसल्यावर सरळ रेषेत फाटते. फाट अशी सरळ, घडीच्या जागीच असेल तर ती दुकानातल्या ठेवणीची. तीन-चार महिन्यांनी घड्या बदलायला हव्यात, त्याला पर्याय नाही. पिनेपाशी किंवा निऱ्यांत खोचल्याजागी वीण सरकली असेल तर ते बहुधा नेसताना झालेलं. पण अगदी नवी साडी हलक्या ताणाने सरकत असेल तर वीणच विरळ आहे. दोन्ही अंगठ्यांनी एक इंच कापड हलकं ताणून बघा, खिडकी पडली आणि मिटली नाही तर परत घ्या.

जर काळी पडणे: अत्तर, घाम, डांबरगोळी थेट टेकणे. ठिपक्याठिपक्यांनी असेल तर वापरातली. अख्ख्या घडीच्या कडेने एकसारखी असेल तर ठेवणीतली.

फिका पट्टा: शोकेसच्या पुतळ्यावर नेसवलेली साडी. ऊन ज्या बाजूने येतं तिकडचा पदर उडतो. आठ दिवसांत बदला, आणि उतरवलेल्या साडीला खूण करून ती वेगळी विका. ती चुकून थप्पीत गेली आणि नवरीला गेली की पुढचं मला सांगायला नको.

आखूड ब्लाउजपीस: साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर, एकूण ६.३० असं ठरलेलं असताना काही लॉटमध्ये ब्लाउजपीस ६० भरतो. शिवणारीकडे गेल्यावर कळतं, तोवर कापलेला. गठ्ठा फोडला की पाचातली एक मोजा. आखूड निघाला तर त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला कळवा, सीझन संपल्यावर तो ऐकत नाही. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरली पाहिजे. उंच नवरीला ते कमी पडतं, म्हणून नऊवारी विकताना उंची बघून बोला.

सेमी पैठणीचं: तक्रार साडीबद्दल नसते, शब्दाबद्दल असते. सेल्समन तोंडाने "पैठणी" म्हणतो, बिलावर नुसतं "साडी" असतं. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर-मुनिया दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच विणून मागे वळवलेला असतो. यंत्रमागाच्या सेमीत उलट्या बाजूला लोंबते किंवा कापलेले धागे असतात, कधी ते लपवायला जाळी चिकटवलेली असते. विकतानाच पदर उलटा करून दाखवायचा: "ही सेमी आहे, म्हणून हा भाव. खरी हवी तर त्या कपाटात आहे, तिचा भाव हा." एवढं बोललं की घरी कुणी काहीही म्हटलं तरी बाईकडे उत्तर असतं. बिलावर "सेमी पैठणी, आर्ट सिल्क" (म्हणजे कृत्रिम रेशीम) असं पूर्ण लिहा. खऱ्या रेशमावर सिल्क मार्कचं लेबल असेल तर ते काढू नका. कुणी फारच अडून बसलं तर पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळून दाखवा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. (दुकानात नको, बाहेर पायरीवर. कापडाच्या दुकानात काडी ओढायची नसते.)

---

मानपान

दुकानदारांच्या गर्दीत एक घेणारीचा मुद्दा. "पसंतीची बदली बिलापासून १५ दिवस" असा नियम लावाल तर तो बस्त्याला निरुपयोगी आहे. बस्ता लग्नाआधी महिना-दीड महिना होतो. मानाची साडी जिला द्यायची ती लग्नाच्या दिवशी ओटीत घेते आणि घरी जाऊन उघडते. म्हणजे तिने साडी पाहायच्या आधीच तुमची मुदत संपलेली असते. हे माहीत असून १५ दिवस लिहायचे, म्हणजे बदली देतो असं म्हणून द्यायचीच नाही.

मुदत लग्नाच्या तारखेपासून मोजा. तारीख तर तुम्ही बसल्याबसल्या टिपून घेताच आहात, ती बिलावर लिहा.

दुसरं, बदलायला येणारी बाई बिल घेऊन येऊच शकत नाही. बिल नवरीच्या वडिलांकडे असतं, आणि अहेराच्या साडीचा भाव तिला कळावा अशी कुणाचीही इच्छा नसते. "बिल आणा" म्हटलं की ती साडी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडते. दुकानाचं नाव मात्र लक्षात राहतं.

---

गादीवाला

लग्नाच्या तारखेपासूनचा मुद्दा एकदम पटला. पण माल अडकण्याचं काय? चाळीस साड्यांतल्या वीस परत आल्या तर? आणि बिल नसताना साडी आपल्याकडचीच, हे कसं ओळखायचं? दुसरं, ज्या साडीवर सूट दिली तिची बदली कोणत्या भावाने?

---

गल्ला_क्रमांक_दोन

बिल नसण्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाला, म्हणजे पदराच्या विरुद्ध बाजूला, छोटं बारकोड लेबल प्लास्टिकच्या टाचणीने अडकवा. त्यावर भाव नको, फक्त क्रमांक. क्रमांकावरून बिल, भाव, लग्नाची तारीख सगळं गल्ल्यावर दिसतं, बाईला भाव सांगावा लागत नाही. तिला म्हणायचं, "या थप्पीतली कुठलीही घ्या." म्हणजे त्याच भावाची थप्पी काढून ठेवायची. तिला वरचं काही आवडलं तर फक्त फरक सांगायचा: "ही दोनशेने जास्त." टाचणी तुटली की बदली नाही. घडी मोडली का, हे लेबलावरूनच कळतं, वास घेऊन बघायची वेळ येत नाही. (लोकांसमोर साडीचा वास घेणारे सेल्समन आहेत. यासारखा अपमान नाही.)

माल अडकू नये म्हणून मर्यादा घाला. मुदत लग्नापासून ८ दिवस. पसंतीची बदली एका बस्त्यातल्या देण्याघेण्याच्या साड्यांच्या एक पंचमांशापर्यंत, चाळीसला आठ. दोषाला ही मर्यादा लागू नाही, ते वेगळं. आणि रोख परत नाही, बदलीच. साडी तेव्हा पसंत पडली नाही तर तेवढ्याच रकमेची चिठ्ठी द्या, सहा महिने चालणारी, तारीख आणि शिक्क्यासह. सूट दिलेल्या साडीची बदली बिलात प्रत्यक्ष लागलेल्या रकमेने, लेबलवरच्या भावाने नाही. एकगठ्ठा सूट दिली असेल तर ती प्रत्येक ओळीत वाटून लावा, नाहीतर सूट तळाशी एकदाच वजा केलेली असते आणि एका साडीचा खरा भाव काय यावर गल्ल्यावर वाद होतो. परत आलेल्या मालाची जीएसटीत क्रेडिट नोट (माल परत आल्याचा कागद) काढा, नुसतं वहीत खोडून चालत नाही.

सुटीचा दर छापून लावा: २५ साड्यांच्या वर इतके टक्के, ५० च्या वर इतके. एका गावातली दोन बिलं शेजारी-शेजारी ठेवली जाणारच आहेत. घासाघीस करणाऱ्याला जास्त आणि गप्प बसणाऱ्याला कमी असं दिसलं की गप्प बसणारा पुन्हा येत नाही, आणि का आला नाही तेही सांगत नाही.

आता बस्त्याच्या बिलातली खास अडचण. रोख २ लाख किंवा त्याच्या वर घेता येत नाही. दोन बिलं करून किंवा दोन दिवसांत घेऊनही नाही, कारण एकाच माणसाकडून एका प्रसंगासाठी मिळालेली रक्कम एकत्र धरतात, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला. लोक पिशवीत रोकड घेऊन येतात. तीन तास साड्या काढून झाल्यावर गल्ल्यावर हे ऐकवलं तर भडका उडतो. बेरीज दीड लाखाच्या पुढे चाललीय असं दिसलं की गादीवरच, चहा देताना, घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं. चेक किंवा आरटीजीएसची सोय करायला त्याला वेळ मिळतो. वर म्हटल्याप्रमाणे दोन्ही घरांची बिलं खरोखर वेगळी असतील तर गोष्ट वेगळी.

यूपीआय अडकलं तर: गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले, तुमच्याकडे आले नाहीत. स्पीकर बोलला नाही म्हणून पुन्हा मागू नका. आधी बँकेच्या ॲपमध्ये जमा बघा, गर्दीत स्पीकर उशिरा बोलतो. नसतील तर त्याच्या ॲपमधला १२ आकडी संदर्भ क्रमांक बिलावर लिहून सही घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्याला हे सांगा आणि लिहूनही द्या. माणूस चिडतो तो आपले पैसे बुडाले या भीतीने.

---

घडीमोड

फॉल-पिको राहिलंच.

फॉल लावायला देताना चिठ्ठीवर फक्त नाव आणि तारीख लिहितात, चूक तिथेच होते. काठ दोन्हीकडे सारखा नसेल तर मोठा काठ खाली येतो, पण उलट-सुलट पटकन न कळणाऱ्या साड्यांत शिवणारी अंदाजाने लावते. विकताना बाई समोर आहे तेव्हाच कोणती बाजू वर, कोणता काठ खाली, ते विचारून फॉल जिथून सुरू व्हायचा तिथे कच्च्या टाक्याने चिठ्ठी टाचा. स्टेपलर रेशमाला लावू नका, भोक राहतं आणि पावसाळ्यात गंजाचा डाग पडतो.

सुती फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा. कोरा लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि खालचा काठ गोळा होतो. मग "साडीच खराब निघाली." फॉलचा रंग दिवसा जुळवा.

ब्लाउजपीस कापून द्यायचा का, हे वेगळं विचारा, आणि कापला की बदली संपली हे कात्री लावायच्या आधी म्हणा. शक्यतो मानाच्या साड्यांना फॉल-पिको दुकानात करूच नका. जिला मिळेल ती करून घेईल.

तारीख देताना शिवणारीच्या हाताचा हिशेब करा. एक बाई दिवसाला किती साड्या उरकते ते तिलाच विचारा, त्यातून सीझनमध्ये दोन-तीन वजा करा. वहीत रोजच्या तेवढ्याच ओळी आखा. ओळी भरल्या की पुढचा दिवस. "बुधवारी या" तोंडी सांगायची पद्धत बंद. नवरीच्या साडीची तारीख लग्नाच्या किमान दहा दिवस आधीची, म्हणजे काही चुकलं तर उसवून परत लावायला वेळ राहतो.

---

ग्राहकहित

'घडीमोड' यांना एक पुरवणी. सात माणसं दहा-अकरा तास उभी असतील तर संध्याकाळी साडेसातला येणाऱ्या गिऱ्हाइकाला गोड बोलणं त्यांच्या हातात उरत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायची सोय देणं कायद्यानेच सक्तीचं केलं, आणि तिथल्या मोठ्या कापड दुकानांतल्या बायकांच्या तक्रारी हे त्यामागचं एक कारण होतं. तुमच्या दाराच्या काउंटरवरच्या मुलीला मागे एक उंच स्टूल द्या.

आणि गिऱ्हाइकांसाठी गादीला लागून चार खुर्च्या. गुडघे दुखणाऱ्या आजीला मांडी घालता येत नाही, ती बाजूला उभी राहते, आणि बस्त्यात शेवटचा शब्द बहुतेक तिचाच असतो. खुर्ची गादीपासून लांब भिंतीला नको, साडी तिच्या मांडीवर पसरता आली पाहिजे.

---

गादीवाला

बिलाचा मजकूर छापायला टाकतोय. बदली "लग्नाच्या तारखेपासून ८ दिवस, देण्याघेण्याच्या साड्यांपैकी पाचास एक" असं लिहितो. लेबलं कुठली घ्यायची? कागदी लेबल पुण्याच्या मालाला लागून येतं, ते घडी घालताना फाटतं.

---

गल्ला_क्रमांक_दोन

कागदी नको. चोपडं, न फाटणारं पॉलिस्टरचं लेबल मागा, छपाई कार्बन रिबनवर. साध्या उष्णतेच्या छपाईचे आकडे तीन-चार महिन्यांत उडतात, आणि बस्त्याच्या साड्या तेवढे दिवस घरात पडून असतात. टाचणी बारीक सुईची घ्या, जाड सुईने रेशमात भोक दिसतं. आणि टोचायची ती काठात. अंगात कधीच नाही.